पालकांना गृहपाठ

पोन्सियानो लुबोवाने आयुष्यात बरीच भाषणं केली होती, पण त्या रविवारच्या भाषणाला पडल्या तेवढ्या टाळ्या त्याला आधी कधीच मिळाल्या नव्हत्या. चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर शाळेच्या पटांगणात फणसाखाली पालकांची सभा भरली होती. पोन्सियानो हा किगोन्झीच्या चर्चचा धर्मशिक्षक आणि शाळेच्या पालक समितीचा अध्यक्ष. सभेपुढे विषय एकच होता, सरकारचं परिपत्रक. सहावी-सातवीच्या मुलांना शरीराची वाढ, पाळी, मूल कसं होतं, हे सगळं विज्ञानाच्या तासाला शिकवावं असं त्यात म्हटलं होतं आणि त्यासाठी पुस्तकात आठवा धडा नव्याने घातला होता.

त्या धड्याचा बंदोबस्त पोन्सियानोने सभेआधीच करून टाकला होता. शनिवारी मुख्याध्यापकांच्या खोलीत बसून त्याने अडतीसच्या अडतीस पुस्तकांतली ती पानं स्टेपलर मारून बंद केली होती, तीही मान दुसरीकडे वळवून, म्हणजे आपली स्वतःचीही नजर त्यांच्यावर पडायला नको. मान वळवून स्टेपलर मारायचा म्हणजे व्हायचं तेच झालं, एक पिन अंगठ्यात घुसली. अंगठ्याला पट्टी बांधूनच तो भाषणाला उभा राहिला. पुढच्या रांगेतल्या बायकांमध्ये कुजबुज झाली की गुरुजींनी धर्मासाठी रक्त सांडलं.

या गावात बोअरिंग कुठे मारायचं यावर चार वर्षं एकमत होत नव्हतं. कॅथलिकांना ते चर्चजवळ हवं होतं, प्रॉटेस्टंटांना त्यांच्या चर्चजवळ, पास्टर बालिकुड्डेंबेच्या नव्या मंडळीला रस्त्यालगत आणि मुसलमानांना मशिदीपाशी. पण आठव्या धड्याच्या बाबतीत चारही धर्मांचं चार मिनिटांत जमलं. भाड्याच्या मोटारसायकलवाल्यांचा पुढारी आणि चौदा पोरांचा बाप हाजी सुलैती याने तर उठून पोन्सियानोला मिठी मारली. असल्या गोष्टी घरात आईबापांनी शिकवायच्या असतात, परक्या बाईने फळ्यावर चित्रं काढून नाही, असा ठराव झाला.

तेव्हा विज्ञानाची शिक्षिका रेस्टी नामुयांजा उभी राहिली. एकोणतीस वर्षांची, मुकोनोकडची, अंगाने किरकोळ. सभेत ती कधी बोलत नसे. तिने वाद घातला नाही. ठराव नीट लिहून घ्यावा एवढंच तिने म्हटलं. शिकवणार कोण, असं तिने विचारलं. पालक, असं सगळे म्हणाले. कधीपर्यंत, असं विचारलं. टाळ्यांची धुंदी अजून उतरलेली नव्हती, पोन्सियानो म्हणाला, याच सत्रात. रेस्टीबाईंनी ते इतिवृत्ताच्या वहीत लिहिलं, त्याच्यापुढे वही धरली आणि त्याने पट्टी बांधलेल्या अंगठ्याने पेन सावरत सही ठोकली.

सोमवारी दुपारी त्याची मुलगी गोरेती शाळेतून आली, रीतीप्रमाणे दारात गुडघे टेकून तिने बापाला नमस्कार केला आणि एक कागद दिला. गोरेती बारा वर्षांची, सहावीत. तिची आई तेरेझा पाच वर्षांपूर्वी गेली होती आणि घरात बाप-लेक दोघंच होती. कागदावर लिहिलं होतं:

"पालकांना गृहपाठ. सभेच्या ठरावानुसार पुढील आठ मुद्दे चार आठवड्यांत आपल्या पाल्यास घरी शिकवावेत. प्रत्येक मुद्द्याखाली पाल्याने आपल्याला काय समजलं ते स्वतःच्या शब्दांत लिहावं. पालकांनी सही करावी."

सोबत एक पुस्तक, धडा आठ, स्टेपलर मारलेला.

पोन्सियानो तसाच शाळेत गेला. मुख्याध्यापक भित्रे गृहस्थ होते. त्यांनी इतिवृत्ताची वही काढली, पान उघडलं आणि सहीवर बोट ठेवलं. पोन्सियानोने सही पाहिली. सही त्याचीच होती, जरा वाकडी, पण त्याचीच. त्याने वही मिटली आणि तो घरी आला.

पुढच्या आठवडाभरात गावातल्या घराघरांत काय झालं ते हळूहळू बाहेर आलं. हाजीने कागद थोरल्या बायकोकडे दिला, थोरलीने धाकटीकडे, धाकटीने थोरल्या मुलाकडे, आणि त्याने आठही ठिकाणी बापाची सही करून कागद परत पाठवला. रेस्टीबाईंनी लाल शाईने लिहिलं, "पाल्याचे शब्द कुठे आहेत?" दुसऱ्या एका मुलाने पहिल्या मुद्द्याखाली लिहिलं होतं, "बाबा म्हणाले आईला विचार. आई म्हणाली बाबांना विचार. मग मी झोपलो." आणखी एकाने लिहिलं होतं, "बाबा म्हणाले, कोंबड्यांचं असतं तसंच. मग ते कोंबड्यांना दाणे टाकायला गेले ते जेवायलाच आले." खाली सही होती. रेस्टीबाईंनी या सगळ्यांना न हसता शेरे दिले. शिक्षकांच्या खोलीत मात्र त्या खुर्चीवर मान मागे टाकून हसत होत्या, असं शिपायाने गावात सांगितलं.

पोन्सियानो असा पळ काढणारा नव्हता. तो वीस वर्षं मुलांना धर्म शिकवत होता आणि शिकवणं आपल्याला जमतं याचा त्याला अभिमान होता. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर त्याने गोरेतीला समोर बसवलं आणि उत्पत्तीपासून सुरुवात केली. आदम, हव्वा, बाग, सगळं रंगवून सांगितलं. पण बागेतून दोघांना बाहेर काढल्यावर पुढे काय, तिथे तो अडला. मग तो घाईघाईने वंशावळीकडे वळला. अमक्याला तमका झाला, तमक्याला अमका झाला, असं करत तो अब्राहामापर्यंत पोचला तेव्हा संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली आणि त्याने सुटकेचा निःश्वास सोडला. गोरेतीने सगळं मन लावून लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी शेरा आला: "वंशावळ अचूक आहे. 'झाला' म्हणजे कसा झाला, तो मुद्दा क्रमांक एक. तो राहिला आहे."

मग तो म्हाताऱ्या फादर कामिल्लोंकडे गेला. फादरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "पोन्सियानो, या गावात या विषयावर ज्याला काहीच माहीत नसण्याचा हक्क आहे असा मी एकटाच माणूस. तो तरी हक्क राहू दे."

राहिली आत्या. त्या भागात मुलींना असल्या गोष्टी सांगायचं काम बापाच्या बहिणीचं, म्हणजे सेंगाचं. बापाने त्यात तोंड घालायचं नाही, आईनेसुद्धा फारसं नाही. पोन्सियानोची थोरली बहीण नोएलिना मसाकाच्या बाजारात चटया विकायची आणि लग्न ठरलेल्या मुलींना संसाराचे धडे द्यायची. त्या कामासाठी तिला तीन-तीन तालुक्यांतून बोलावणी येत. अडचण एवढीच की तेरेझा गेल्यानंतर तिने दोनदा गोरेतीला सुटीत आपल्याकडे मागितलं होतं, आणि दोन्ही वेळा पोन्सियानोने सांगितलं होतं की धर्मशिक्षकाच्या घरात असले जुने प्रकार चालायचे नाहीत. तेव्हापासून भावा-बहिणीत बोलणं जेमतेम होतं.

तो मसाकाला गेला तेव्हा नोएलिना चटयांच्या ढिगावर बसून भाजलेला मका खात होती. त्याने तोंडातून शब्द काढायच्या आत ती म्हणाली, "गृहपाठ का?"

बातमी बाजारापर्यंत पोचली होती.

"ताई, तू ये," तो म्हणाला.

"तुला ते पुस्तकही नको, आणि ती जुनी रीतही नको. मग राहिलं काय, पोन्सी? पोरीने वाऱ्यावरून शिकायचं?" तिने मक्याचं कणीस बाजूला ठेवलं. मग बराच वेळ ती त्याला काय काय बोलली. ते सगळं इथे सांगण्यात अर्थ नाही, शेजारच्या दुकानदारणींनी ऐकलं तेवढं पुरे. शेवटी ती यायला तयार झाली, पण एका अटीवर. शिकवताना त्याने बाहेर ओट्यावर जाऊन बसायचं नाही, घरातच थांबायचं. बापाने मुलीसमोर असलं ऐकणं रीतीत बसत नाही, असं तो म्हणाला. रीत मला शिकवू नकोस, असं ती म्हणाली.

ती पुढच्या शनिवारी मोटारसायकलवरून आली, मांडीवर केळ्याचा घड आणि पाठीला गुंडाळलेली नवी चटई. गोरेतीने मटोके, म्हणजे हिरवी केळी, उकडली होती, शेंगदाण्याचं कालवण केलं होतं. जेवण झालं. नोएलिनाने चटई अंथरली, पाय एका बाजूला घेऊन बसली, मुलीला समोर बसवलं आणि बोलायला तोंड उघडलं. आणि तसंच मिटलं.

पोन्सियानो दाराशी स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसला होता. शांतता फारच लांबली तेव्हा त्याने वळून पाहिलं. त्याची बहीण, जिच्या तोंडाला बाजारात पोलीससुद्धा भीत, ती गोरेतीकडे नुसती बघत होती.

"मला नाही येत," ती म्हणाली. "नवऱ्याला कसं राखायचं ते मी शंभर मुलींना सांगितलंय. सासूशी कसं वागायचं, रुसवा कसा काढायचा, सगळं. पण ही बारा वर्षांची आहे. हिला नवरा नको राखायला. हिला कुणी वाटेत अडवलं तर नाही कसं म्हणायचं, ते सांगायला हवं. ते मलाच कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या आत्याने एवढंच सांगितलं, होईल तेव्हा कळेल. झालं तेव्हा मी पंधराची होते."

हे पोन्सियानोला माहीत नव्हतं. बहीण पंधराव्या वर्षी अचानक मामाकडे राहायला गेली होती, एवढंच त्याला आठवत होतं, आणि ती गेल्यावर आपल्याला तिचा वाटा खायला मिळाला म्हणून आनंद झाला होता, हेही आठवलं.

"ते पुस्तक आण," नोएलिना म्हणाली.

गोरेतीने पुस्तक आणलं. पोन्सियानोने सुरी घेतली आणि एकेक पिन उपसून काढली. त्याने त्या इतक्या घट्ट मारल्या होत्या की पहिलं पान थोडं फाटलंच. नोएलिनाने पुस्तक हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं आणि परत केलं. अक्षर बारीक होतं, तिचा चष्मा मसाकालाच राहिला होता. गोरेतीने वाचावं तर मुलीने असलं मोठ्याने वाचणं बरं दिसेना. तेव्हा वाचणारा एकच उरला.

पोन्सियानो वाचू लागला. त्याच्याकडे वाचण्याचा एकच आवाज होता, तो चर्चमधला. प्रत्येक वाक्य सावकाश, शेवटचा शब्द खाली उतरवत, प्रत्येक परिच्छेदानंतर थोडं थांबत. मुलींच्या शरीरात कोणते बदल होतात ते त्याने असं वाचलं जणू संत पौलाने करिंथकरांना लिहून कळवलं आहे. पाळीचं वाचलं, मुलांचा आवाज का फुटतो ते वाचलं, मूल कसं राहतं तेही वाचलं. त्या ओळीला त्याच्या कपाळावर घाम आला, पण आवाज डगमगला नाही. मध्ये मध्ये नोएलिना त्याला थांबवायची आणि पुस्तकातलं वाक्य घरातल्या शब्दांत सांगायची, आणि गोरेती मान डोलवायची. कुणी बळजबरी केली तर कुणाला सांगावं, यावर अर्धं पान होतं. ते नोएलिनाने दोनदा वाचायला लावलं, आणि दुसऱ्या वेळी ती स्वतः ओठ हलवत होती.

पहिला भाग संपला. पोन्सियानोने पुस्तक किंचित वर उचललं आणि चर्चमधल्या वाचनाच्या शेवटी म्हणायच्या सवयीने तोंडातून निघून गेलं, "हा प्रभूचा शब्द आहे."

"देवाला धन्यवाद," गोरेती म्हणाली. तीही सवयीनेच.

नोएलिनाने चटईवर आडवं पडून हसायला सुरुवात केली. तिला पाहून गोरेती हसली, आणि शेवटी पोन्सियानोलाही ते आवरेना. शेजारच्या घरातली बाई काय झालं म्हणून कुंपणापर्यंत येऊन गेली.

हसून झाल्यावर त्याने पुढचा भाग उघडला. तो गरोदरपण आणि बाळंतपणाचा होता. तिथे चौकटीत एक वाक्य होतं, जाड अक्षरात. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबत नसेल तर वाट न पाहता ताबडतोब दवाखान्यात न्यावं. त्याने ते वाचलं, आणि त्यानंतर मात्र त्याला पुढे वाचता येईना.

गोरेतीने विचारलं, "आईला हेच झालं होतं?"

आजवर घरात एवढंच म्हटलं जायचं की देवाने आईला आणि तिच्या बाळाला बोलावून घेतलं. पोन्सियानोने पुस्तक मांडीवर ठेवलं. "हो," तो म्हणाला. "हेच."

"मग माझ्यामुळे नाही?"

म्हणजे काय, असं नोएलिनाने विचारलं. हळूहळू तिच्याकडून ते निघालं. ती सात वर्षांची होती, आई दाराशी पाय पसरून शेंगा सोलत बसली होती आणि गोरेती खेळता खेळता तिच्या पायांवरून उडी मारून गेली होती. पलीकडची म्हातारी ओरडली होती, पोटुशी बाईच्या पायांवरून उडी मारतेस, आता अडेल ना बाळ. चार दिवसांनी आई गेली. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. पापकबुलीच्या वेळी सांगायचं असं ती दर महिन्याला ठरवायची आणि शेवटी खोटं बोलले, दूध सांडलं, एवढंच सांगून परत यायची.

नोएलिनाने तिला ओढून जवळ घेतलं. उडी मारल्याने काही होत नसतं, तिने सांगितलं, आणि मग पुस्तकातलं सगळं पुन्हा, साध्या शब्दांत, रक्त का जातं, कुठून जातं, त्यात कुणाच्या उड्यांचा काही संबंध कसा नाही. गोरेती ऐकत होती आणि रडत होती, पण ते रडणं मोकळं होतं.

पोन्सियानो उठून अंगणात गेला. त्या दिवशी रक्त थांबत नव्हतं तेव्हा त्याने जपमाळ घेतली होती आणि पूर्ण माळ संपेपर्यंत मोटारसायकल बोलावली नव्हती. बायकांचं असं होतंच, थोड्या वेळात थांबेल, असं त्याला वाटलं होतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. हाजीने स्वतः गाडी हाणली होती, पण दवाखान्याच्या फाटकापाशी पोचेपर्यंत उशीर झाला होता. तो आत आला आणि हे सगळं त्याने मुलीला सांगितलं, माळेसकट. सांगताना त्याचा आवाज चर्चमधला नव्हता. गोरेती उठली, तिने त्याच्यासाठी पाणी आणलं आणि गुडघे न टेकताच त्याच्या हातात दिलं. कुणी तिला टोकलं नाही.

आठ मुद्दे पुरे व्हायला आणखी दोन शनिवार लागले. गोरेतीची वही भरली. शेवटच्या पानावर रेस्टीबाईंनी काहीच शेरा लिहिला नाही, नुसती तारीख टाकली आणि सही केली.

सत्राच्या शेवटी पुन्हा सभा भरली. अडतीस मुलांपैकी गृहपाठ पुरा झाला होता तिघांचा. पास्टर बालिकुड्डेंबे म्हणाला की बाईंनी आईबापांची चेष्टा चालवली आहे आणि हे सगळं परदेशातून आलेलं आहे. बरेच लोक मान डोलवू लागले. पोन्सियानो उभा राहिला तेव्हा टाळ्या पडल्या, मागच्या वेळेसारखंच काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून.

"ज्यांना हे घरी शिकवता आलं त्यांनी हात वर करा," तो म्हणाला.

तीन हात वर झाले. एक त्याचा स्वतःचा.

"मला बहिणीची मदत लागली," तो म्हणाला. "आणि पुस्तकाचीही. ही पानं मीच पिना मारून बंद केली होती. यात आहे ते मी पाच वर्षांपूर्वीच वाचायला हवं होतं."

तेरेझा कशी गेली हे सभेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मग हाजी सुलैती उठला आणि म्हणाला की मला चौदा पोरं आहेत, आठ मुद्द्यांनी गुणलं तर माझं उरलेलं आयुष्य याच्यातच जाईल, तेव्हा शाळेनेच शिकवलेलं बरं. फक्त मुलींच्या तासाला गावातली एखादी आत्या बसावी आणि मुलांच्या तासाला एखादा बाप. यावर दीड तास वाद झाला. ठराव पास झाला, पण फक्त सहा मतांच्या फरकाने. पास्टरने आपली दोन्ही मुलं रस्त्यापलीकडच्या शाळेत घातली. चर्चच्या वरिष्ठांकडून फादर कामिल्लोंना एक पत्र आलं, आणि त्यानंतर पोन्सियानोने समितीचं अध्यक्षपद सोडलं. सोडलं की सोडायला लावलं, हे त्याने कुणाला सांगितलं नाही. अध्यक्ष हाजी झाला. त्याने पहिल्याच बैठकीत बोअरिंगचा विषय काढला आणि चारही धर्म पुन्हा भांडायला लागले.

सभेहून घरी जाताना गोरेती बापाच्या बरोबरीने चालत होती. नेहमी ती दोन पावलं मागे असायची. वाटेत तिने विचारलं की तुझी आणि आईची ओळख कशी झाली. त्याने ते आधी टाळलं. तिने पुन्हा विचारलं. तेव्हा त्याने सांगितलं की तेरेझा टॅक्सीच्या थांब्यावर भाजलेली केळी विकायची, आणि तो सलग अकरा दिवस तिच्याकडून केळी घेत होता, जरी त्याला भाजलेली केळी अजिबात आवडत नाहीत.

"मग त्या केळ्यांचं काय करायचास?"

"शेळीला घालायचो."

"आणि आईला कळलं कसं?"

"बाराव्या दिवशी शेळी माझ्या मागे मागे थांब्यावर आली," पोन्सियानो म्हणाला. गोरेती वाटेतच थांबून हसायला लागली आणि तिने पुढे काय झालं ते सगळं, अगदी सगळं, सांगायला लावलं.